त्या कुटुंबाला लागतं म्हणून

दारातून आत आलं की डाव्या हाताला खुर्ची असायची. कामावरून यायचं, त्या खुर्चीत बसून सँडलचा पट्टा सोडायचा, दोन मिनिटं कुणाशी बोलायचं नाही, मग उठून हातपाय धुवायचे, हा माझा शिरस्ता. तो इतका जुना झालेला की बसताना मागे वळून बघायची मला कधी गरजच पडली नाही. त्या संध्याकाळी मी तशीच बसले आणि धपकन जमिनीवर आले. एक पाय पुढे, सँडल अर्धी निघालेली, पर्स घरंगळत भिंतीपर्यंत गेलेली. कमरेतून कळ आली ती आलीच, पण तिच्याही आधी लाज वाटली. बघणारं कुणी नसतानाही माणसाला लाज वाटते हे मला त्या वेळी कळलं. आतून हे आले. धावत नाही. हल्ली हे धावत नाहीत, सगळं सावकाश चालतं. “अगं, खुर्ची नाहीये तिथे,” हे म्हणाले, जसं काही माझ्याकडे तेवढीच माहिती कमी होती. “बाल्कनीत बांधून ठेवलीय. त्या कुटुंबासाठी. तूच नाही का म्हणालीस, त्या आजींना खाली बसवत नाही म्हणून?” म्हणाले होते खरं.

मग हे माझ्या शेजारीच भिंतीला टेकून बसले. बसणार तरी कुठे, सोफा केव्हाच गेला. मला हात देऊन उठवावं असं काही ह्यांच्या मनात आलं नाही. जमिनीवर बसणं आमच्याकडे आता नेहमीचंच. “मी काय म्हणतो,” हे म्हणाले. ह्या शब्दांनंतर घरातलं काहीतरी जातं, हे मला पाठ झालेलं. “ती चार माणसं एका खोलीत. आपण दोघं तीन खोल्यांत, आणि त्याही बघ, रिकाम्याच. हे उलटं नाही का? आपण एका खोलीत जाऊ. मी एक बघून आलोय, खिडकी छान मोठी आहे. हे घर त्यांना देऊ राहायला. खोलीच्या मालकाला सोमवारी कळवतो म्हणून सांगितलंय.” आवाज इतका शांत की वाटावं, माणूस उद्याच्या भाजीबद्दल बोलतोय. मी बसल्या जागेवरून आमच्या घराकडे बघितलं. भिंती, खिडकी, खिडकीतून आलेला उजेड जमिनीवर पसरायला मोकळा. ह्याच जमिनीवर आमचा मुलगा चालायला शिकला आणि तिच्यावरूनच बॅग ओढत दुसऱ्या शहरात निघून गेला. आता हे घर जायचं होतं, आणि ज्या चार माणसांना ते मिळायचं होतं ती माणसं ह्या जगात कुठेच नव्हती. ती मी तयार केली होती.

मी एका नाटक कंपनीचं सामान सांभाळते. तालमीला येणारे सगळे मला भांडारताई म्हणतात. रंगमंचाच्या मागे, तीन पायऱ्या उतरून जी लांबुळकी खोली आहे ती माझी. तिथे काठ्या, कुबड्या, पाळणे, टेलिफोन, बॅगा, प्लॅस्टरचे पाव, आणि साबण चोळलेले आरसे, दिव्यांची तिरीप बघणाऱ्यांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. आमच्याकडे एकच नियम, काही टाकायचं नाही. आज नाही लागलं तर पुढच्या नाटकात लागेल. नवा दिग्दर्शक आला की पहिल्या दिवशी छाती काढून सांगतो, मला रिकामी खोली हवी, काही नको. मग आठवडा जातो आणि घोडं तिथेच पेंड खातं. रिकामी खोली नुसतीच रिकामी दिसते, ती कुणाची दिसत नाही. मग तो मुकाट्याने माझ्या खोलीत येतो. मी त्याला भिंतीवर एक खिळा ठोकून देते, खिळ्याखाली चौकोनी फिकट डाग रंगवून देते, कोपऱ्यात एक तुटका हँगर टाकते. आता इथून कुणीतरी गेलंय हे दिसतं. आमच्या घरी मात्र ह्यांनी तसले डागसुद्धा ठेवले नाहीत. तसबिरी गेल्या त्याच आठवड्यात ह्यांनी भिंतीला रंगाचा नवा हात दिला.

ह्यांचं काम वेगळं होतं. आग लागली, पाणी शिरलं की विमा कंपनी ह्यांना पाठवायची, खरं किती आणि बनाव किती ते बघायला. ह्यांची नजर म्हणजे नजर. राखेत बोट घालून सांगायचे, इथे कपाट होतं आणि ते रिकामं होतं. रडणाऱ्या माणसाच्या रडण्यावरून सांगायचे की हा काल रात्रीच सामान हलवून बसलाय. घरी आम्ही दोघं, मी आणि मुलगा, ह्यांच्यासमोर खोटं बोलायच्या भानगडीत पडत नव्हतो. आणि मग एकदा हे एका म्हाताऱ्याचं घर बघून आले. सगळं जळून कोळसा झालेलं, आणि तो अंगणातल्या दगडावर बसून हसत होता. बरं झालं म्हणाला, आवरायचं काही शिल्लक राहिलं नाही. त्या संध्याकाळी हे आमच्या काचेच्या कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, दमलेत. पुढे रक्तदाब निघाला, काम सुटलं, आणि घरी बसलेल्या ह्या माणसाने घराची पाहणी सुरू केली.

बरं, दांडगाई केली असती तर मी भांडले असते. भांडायला मी काही कमी नाही. पण हे विचारायचे. वस्तू हातात धरून, अगदी मायेने विचारायचे, “हे लागतं का आपल्याला?” ह्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं म्हटलं तर कुठल्या वस्तूला हो म्हणता येतं? फुलदाणी लागते का? नाही. दुसरी गादी? पाहुणे येत नाहीत. मुलाची सायकल? तो आता चार चाकांवर फिरतो. एकेका वस्तूला वेगळं काढून विचारलं की ती बिचारी उघडी पडते, आणि मी ह्यांच्यासमोर उभी राहून नाही, नाही, नाही म्हणत गेले. सगळं मिळून लागतं, सुटं सुटं नाही लागत, हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचतं ते नेहमी मागाहून, जिना उतरताना. ताईला फोन केला तर ती म्हणाली, तुझं नशीब चांगलं, आमच्याकडचे मेले रद्दीसुद्धा जाऊ देत नाहीत. मित्रांना कौतुक, मुलाला कौतुक, डॉक्टरांनी तर ह्यांचा रक्तदाब बघून माझंच अभिनंदन केलं. माझ्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही माझी बाजू नीट मांडता येत नव्हती.

म्हणजे सगळं वाईटच होतं असं नाही, आणि हाच तर माझा वैताग. सकाळी झाडायला पाच मिनिटं लागायची. काही शोधायला लागत नसे. आधी रात्र रात्र छताकडे बघत पडणारे हे आता पाठ टेकली की झोपत. कधी कधी गाणं गुणगुणत. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना गाता येतं हे मला नव्याने कळलं. थोडक्यात भागवलं की माणूस सुखी होतो, हे पुराव्यानिशी माझ्यासमोर फिरत होतं, चहा करत होतं. आणि मला मात्र संध्याकाळी घरी जायला पाय उचलत नव्हता. मी माझ्या त्या लांबुळक्या खोलीत, धुळीच्या, डिंकाच्या आणि जुन्या लाकडाच्या वासात काही कारण नसताना बसून राहायचे. तिथे श्वास पुरा यायचा. ह्यांना जे सोडून मिळालं ते मला का मिळू नये? माझ्यातच काही हलकट, हावरट आहे की काय? हा विचार आला की तळपायाची आग मस्तकात जायची, ह्यांच्यावर नाही, माझ्यावरच.

पहिलं खोटं दिव्यासाठी बोलले. हिरव्या काचेचा, वाकड्या मानेचा टेबलावरचा दिवा. मुलगा त्याच्या उजेडात अभ्यास करायचा. हे तो कुठल्याशा संस्थेत द्यायला निघाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “थांबा, आमच्या कंपनीत तो पडदा ओढतो ना, त्याच्या भावाचं घर जळलं. त्यांना द्या, मी नेते.” घर जळलं हे मी मुद्दाम म्हटलं, ह्यांना तिथे पाझर फुटणार हे मला ठाऊक. झालं, सुरू झाली तपासणी. आग कुठून लागली? वायरिंग. वेळ? दुपारी. माणसं? नवरा, बायको, म्हातारी आई, एक मुलगी. दिवा कशाला? मुलगी अभ्यास करते. मी धडाधड उत्तरं देत गेले. इतकी वर्षं खोटी घरं उभी केलीत, मला काय जड? हे माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, “घेऊन जा.” माझा जीव भांड्यात पडला. दिवा मी माझ्या खोलीत मागच्या फळीवर ठेवला आणि रोज त्याच्याकडे बघून खूश व्हायला लागले. एवढ्या हुशार माणसाला आपण गुंडाळलं ह्याचाही आनंद होताच.

पण प्रकरण अंगाशी आलं. दोनच दिवसांनी हे विचारतात, “काय म्हणतात ती मंडळी? दिवा आवडला?” मी म्हटलं, खूप. ह्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढे बोलावंच लागलं. मुलगी आता उशिरापर्यंत वाचत बसते, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तिच्यासाठी टेबल काढलं. मग आजींसाठी गादी. मग ताटं, वाट्या, काचेचं कपाट, सोफा, आणि आधी नाही म्हटलेली पण अजून घरातच पडून असलेली फुलदाणी, सायकल, तसबिरी. मी वस्तू वाचवायला कुटुंब उभं केलं आणि कुटुंबाला वस्तू कमी पडायला लागल्या. ह्यांचा सोडायचा वेग दुप्पट झाला. आधी हे विचारायचे, आपल्याला लागतं का. आता सरळ म्हणायचे, त्यांना लागत असेल. जेवताना तेच, झोपताना तेच. आजींचा गुडघा कसा आहे? त्या भावाला काम मिळालं का? माझा गुडघा कसा आहे हे ह्या घरात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. कंपनीतले सुतारकाका मात्र खुशीत. “भांडारताई, हल्ली देणगी चांगली येतेय हो,” म्हणायचे आणि आमचं कपाट टेम्पोतून उतरवून घ्यायचे.

मुलीचं तर वेगळंच. हे एकदा म्हणाले, तिला गणित कसं येतं? मी म्हटलं, कच्चं आहे. हे मी माझ्यावरून सांगितलं. मुलीत घालायला माझ्याकडे दुसरं काय होतं? त्या रात्री ह्यांनी एका कागदावर सुबक अक्षरात गणितं लिहून दिली. तो कागद कोराच परत कसा आणणार? दुपारी तालीम चालू असताना मी मागच्या खोलीत, त्याच टेबलापाशी, त्याच दिव्याखाली बसून डाव्या हाताने ती सोडवली. मुद्दाम चुका करायच्या असं ठरवलेलं, पण मुद्दाम करायची वेळच आली नाही. ह्यांनी कागद तपासला. खाली लिहिलं, “शाब्बास. हातचा विसरलीस, पण रीत बरोबर आहे. घाई करू नकोस.” मी ते दोनदा वाचलं. लग्नानंतर मला बँकेचं काम समजावताना, गाडी शिकवताना ह्या माणसाने कधी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. राहू दे म्हणायचे, मी करतो. आणि आता अपूर्णांक तीन तीन वेळा, चित्र काढून, भाकरीसारखे गोल आखून. मी दुपारची वाट बघायला लागले. एकदा उत्तर सगळं बरोबर आलं तेव्हा ह्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लहानसं फूल काढलं होतं. फूल काढलं होतं ह्यांनी. मला त्या पोरीचा असा मत्सर वाटला की पुढचा कागद मी रागाने चुकीचा सोडवला.

हे सगळं जमिनीवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यातून गेलं आणि मी म्हटलं, “घर नाही द्यायचं.” “का?” “माझं घर आहे.” हे विचारात पडले, अगदी मनापासून. “पण आपल्याला त्याचं काय करायचंय?” मी म्हटलं, ते लोक येणार नाहीत, अभिमानी आहेत. हे म्हणाले, मग मी जाऊन बोलतो, इतके दिवस तू मला नेलं नाहीस हेच चुकलं. मी म्हटलं, आजी आजारी आहेत. हे म्हणाले, मग तर गेलंच पाहिजे. मी एक दार लावावं आणि ह्यांनी अतिशय नम्रपणे दुसरं उघडावं, असं चाललं. शेवटी ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “तुला सोडवत नाही, मला कळतं. होईल सवय.” असा संताप आला मला. माझ्यासारखीला धीर देणारे हे कोण? माझ्या दिव्यावर, माझ्या टेबलावर, माझ्या खोट्यावर सुखी झालेला हा माणूस मला शिकवणार, कसं जगायचं ते? मी म्हटलं, “उद्या चला. दाखवते तुम्हाला ते घर.” सांगून टाकायला मला तोंड होतं, पण नुसतं सांगून माझं समाधान होणार नव्हतं. ह्यांना ते डोळ्यांनी बघायला लावायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. ह्यांनी कागदात गुंडाळून पेन्सिली घेतलेल्या, टोकं काढलेल्या. हे दुकानांच्या काचांतल्या वस्तूंकडे प्रेमाने आणि कीव आल्यासारखं बघत चालले होते. मागच्या दाराने आत शिरलो तेव्हा हे म्हणाले, “त्याला बोलवायला आलो का, पडदेवाल्याला?” नव्या नाटकाच्या दिग्दर्शकाला भरलेलं घर हवं होतं, आणि मी त्याला दिलं होतं. तालमीला अजून अवकाश होता. मी विंगेतून पुढे झाले आणि दिवे लावले. कपाट, कपाटात ताटं, वाट्या, फुलदाणी. सोफा. तसबिरी. टेबल, टेबलावर हिरवा दिवा. भिंतीला टेकवलेली सायकल. सगळं आमच्याच घरी होतं तसं लावलेलं, कारण मला दुसरं कसं लावायचं तेच माहीत नव्हतं. तीन भिंती आणि चौथ्या बाजूला काळोख, रिकाम्या खुर्च्यांचा.

मी वाट बघत होते. हे चिडतील, ओरडतील, निदान फसवलंस म्हणतील, आणि मग मी बोलेन. काय काय बोलायचं ते मी रात्रभर घोकून ठेवलं होतं. हे मात्र हळूहळू त्या खोलीतून फिरले, कशाला हात लावला नाही. जळालेल्या घरातून फिरायचे तसेच, हात पाठीमागे बांधून. मग सोफ्यावर जाऊन बसले. बसताना खालची उशी न बघता बाजूला सरकवली, नेहमी सरकवायचे तशी, आणि पाठ टेकली. ह्यांच्या पाठीला सगळं आठवत होतं. ते बघून मला अजिबात जिंकल्यासारखं वाटलं नाही. उलट रडू यायला लागलं, आणि त्याचाही राग आला.

“आग खोटी आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं,” हे म्हणाले. “घर जळलेली माणसं पहिल्यांदा दिवा मागत नाहीत. वाटलं, असतील कुणी गरीब, तू आपली वाढवून सांगतेस. देऊन तर बघू.” ह्यांनी टेबलावरच्या दिव्याकडे बघितलं. “मग छान वाटायला लागलं. मला वाटायचं, घर मोकळं झालं म्हणून झोप लागते. तसं नव्हतं ते. रात्री डोळे मिटले की ती मुलगी दिव्याखाली बसलेली दिसायची.” पेन्सिलींची गुंडाळी ह्यांनी मांडीवर ठेवली होती आणि तिच्यावरून अंगठा फिरवत होते. “भाऊ नाही. आजी नाही. ठीक आहे. घर राहू दे आपल्याकडे, खोलीवाल्याला नाही म्हणून सांगतो. सामानही आण परत, हवं ते.” मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, एका दमात, मी तोंडही उघडायच्या आधी. मग ह्यांनी वर बघितलं. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. आता मागत होते.

“मुलगी तरी खरी आहे ना?”

घोकलेलं सगळं मी विसरले. मी सोफ्यापाशी गेले, ह्यांच्या अगदी समोर, आणि म्हटलं, “तिची गणितं मी सोडवायचे. रोज दुपारी, मागे बसून. तुम्ही लिहिलेलं सगळं वाचायचे. फूल काढलं होतंत ते मी ठेवलंय.”

ह्यांनी ऐकलं. नीट ऐकलं, मान हलवली. हिशेब तपासून झाल्यावर माणूस हलवतो तशी. पेन्सिलींची गुंडाळी उचलून शेजारी सोफ्यावर ठेवली.

“म्हणजे कुणीच नाही,” हे म्हणाले.

मी ह्यांच्यासमोर उभी होते.